हेरफर्डशायरमधलं ट्यूडर काळातलं मॅनर हाऊस विकायला आहे. घ्यावं का?

सोनजाई

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. प्रश्न मोठा आहे आणि घरात चार माणसांची चार मतं आहेत.

आम्ही १९ वर्षं बर्मिंगहॅमला आहोत, दीर-जाऊ कव्हेंट्रीला. मुलं मार्गी लागत आली. दोन्ही घरं विकायची आणि गावाकडे एकच मोठं घर घेऊन सगळ्यांनी एकत्र राहायचं, हे दोन वर्षांपासून मनात आहे. गेल्या शनिवारी पेम्ब्रिजजवळच्या एका खेड्यात एक घर पाहिलं आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

ओकच्या लाकडाचा सांगाडा, मधे पांढऱ्या भिंती, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या शंकरपाळ्यांच्या आकाराच्या काचा. मधला हॉल १५०० च्या आसपासचा, दोन्ही अंगांचे भाग नंतर जोडलेले. साडेचार एकर जमीन, धान्याचं जुनं कोठार, सायडरच्या सफरचंदांची बाग. ग्रेड टू स्टार म्हणून नोंदलेली, म्हणजे कायद्याचं संरक्षण असलेली वास्तू आहे. मागताहेत साडेबारा लाख पौंड.

मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी माझ्या हातात बॅटरी दिली आणि म्हणाल्या, माळ्यावर जाऊन वासे बघून ये. शिडी चढून गेले. हॉलच्या बरोबर वरचे वासे कोळशासारखे काळे. बोट फिरवलं तर बोट काळं झालं. खाली आल्यावर बाईंनी सांगितलं की धुराडं बांधायच्या आधी हॉलच्या मधोमध उघडी चूल पेटायची, ही काजळी तेव्हाची. मी वाईची. गणपती आळीतल्या आमच्या वाड्याचं स्वयंपाकघर असंच होतं, कडीपाटाला हात लावला की हात काळा. तो वाडा २००४ साली पाडला. त्या माळ्यावर मी बराच वेळ नुसती उभी होते.

आता अडचणी. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे, १९७० च्या दशकात केलेला. आतून ती भिंत गार आणि दमट लागते, खोलीत ओलीचा वास येतो. बाई हेही म्हणाल्या की वसंतात रात्री तुळयांतून टकटक ऐकू येते. मालकीण स्वतःहून इतकं सांगते म्हणून मला विश्वास वाटतो, नवऱ्याला मात्र भीती वाटते. दिराचा प्रश्न असा की 'लॉर्ड ऑफ द मॅनर' ही पदवी घराबरोबर येते का. जावेला दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या आहेत.

जुन्या घरांशी ज्यांचा संबंध आलाय त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

साधीसुधी

ताई, फोटोशिवायच घर डोळ्यांपुढे उभं राहिलं. पण हिवाळ्याचा विचार केलात का? आम्ही श्रॉपशायरमध्ये पाच वर्षं एका जुन्या फार्महाऊसमध्ये भाड्याने राहिलो. गॅसची लाइन नव्हती, तेलाची टाकी होती, आणि नोव्हेंबर ते मार्च आम्ही सगळे एकाच खोलीत जगत होतो. काच एकपदरी, बदलायला परवानगी नाही. सासूबाई तीन महिने आल्या होत्या, त्यांचे सांधे धरले. तुमच्याकडे वयस्कर कुणी राहायला येणार असेल तर हे आधी बघा.

वकीलताई

मी इथे सॉलिसिटर आहे, घरांचे खरेदी-विक्री व्यवहार करते. हा सल्ला सर्वसाधारण समजा, कागद बघितल्याशिवाय ठाम काही सांगता येत नाही.

दिरांना सांगा, पदवी येत नाही. मॅनर म्हणजे जुनी जहागीर. तिचं नाव आणि तिचं घर या वेगळ्या मालमत्ता आहेत आणि बहुतेक ठिकाणी त्यांची फारकत केव्हाच झालीय. १९२२ च्या कायद्याने जुनी कुळवहिवाट मोडीत निघाली, १ जानेवारी १९२६ पासून ते अमलात आलं. त्यानंतर पदवीला फारसा अर्थ उरला नाही. पण खाणींचे किंवा शिकारीचे जुने हक्क कुणी राखून ठेवलेत का, हे जमिनीच्या नोंदीत नक्की बघायचं.

खरी काळजी करायची ती बेकायदा बदलांची. नोंदलेल्या वास्तूत परवानगीशिवाय फेरफार करणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बदल ज्याने केला तो दोषी, पण तो पूर्ववत करण्याची नोटीस ज्याच्या नावावर घर असेल त्याला येते, आणि या नोटिशीला कालमर्यादा नाही. म्हणजे १९८५ साली कुणी एक भिंत पाडली असेल तर २०२५ मध्ये ती तुमच्याकडून बांधून घेतली जाऊ शकते. तो सिमेंटचा गिलावा, स्वयंपाकघर, न्हाणीघरं, खिडक्या, प्रत्येकाची परवानगी कागदावर मागा.

दुसरी गोष्ट चर्चच्या दुरुस्तीची. गंमत वाटेल, पण तिचं मूळ थेट ट्यूडर काळात आहे. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० मध्ये मठ बरखास्त केले, त्यांच्या जमिनी खाजगी लोकांनी घेतल्या, आणि जमिनीबरोबर गावच्या चर्चचा वेदीकडचा भाग दुरुस्त ठेवण्याची जबाबदारीही काही ठिकाणी त्यांच्या गळ्यात आली. वॉरविकशायरमध्ये ॲस्टन कॅंटलो गावातल्या एका शेतमालक कुटुंबावर ती आली. खटला हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, २००३ मध्ये कुटुंब हरलं, आणि दुरुस्तीचं बिल १,८६,००० पौंडांच्या पुढे गेलं. खटल्याचा खर्च वेगळा. ऑक्टोबर २०१३ पासून नियम बदललाय, मालमत्तेच्या नोंदीत उल्लेख नसेल तर नव्या खरेदीदारावर ते ओझं येत नाही. पण तुमच्या बाई त्याच्या कितीतरी आधीपासून मालक आहेत, त्यामुळे शोध घ्यायचाच. विमा थोड्या पैशांत मिळतो.

मुद्रांक शुल्काचा हिशेब: १२,५०,००० पौंडांवर ६८,७५० पौंड. दोन कुटुंबं मिळून घेताय, तर एकाचं जरी जुनं घर तोपर्यंत विकलं गेलं नाही, तरी पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा, म्हणजे आणखी ६२,५००. तीन वर्षांच्या आत जुनं राहतं घर विकलं तर परत मागता येतात, पण सुरुवातीला भरावे लागतात.

आणि सख्खे भाऊ असले तरी कुणाचा किती वाटा हे पहिल्याच दिवशी दस्तात लिहून घ्या. हे मी कळकळीने सांगतेय. माझ्याकडे येणाऱ्या वादांत भाऊच जास्त असतात.

जावेच्या पाहुण्यांसाठी कौन्सिलला आधी विचारा. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये लंडनचं किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर घेतलं, ते आठवा. राहत्या घराचं स्मारक केलं म्हणून कॅम्डेन कौन्सिलने हरकत घेतली आणि परवानगी मिळायला २०२० उजाडलं.

चुनेगच्ची

सोनजाई, मी श्रूजबरीला असतो, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करतो, जास्त करून चुन्याचं. तुमच्या पश्चिमेच्या भिंतीबद्दल वाचलं आणि राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी हे घर कसं उभं आहे ते समजून घ्या. ओक तोडल्यावर वाळवत ठेवत नसत, ओला असतानाच कापायचे, कारण वाळलेला ओक लोखंडासारखा होतो. सगळा सांगाडा सुताराच्या आवारात जमिनीवर जुळवायचे, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांच्या खुणा कोरायचे, मग सोडवून गाड्यांवर घालून जागेवर आणून उभा करायचे. कुसू खोबणीत बसवायचं आणि आरपार लाकडी मेख मारायची, खिळा नाही. पुढची काही वर्षं लाकूड वाळताना आक्रसायचं, पिळायचं, आणि सांधे आणखी घट्ट व्हायचे. या घरांच्या वाकड्या तुळया बघून लोक घाबरतात, पण तो वाकडेपणा बहुतेक वेळा पहिल्या वीस-तीस वर्षांत आलेला असतो आणि मग चारशे वर्षं तसाच राहिलेला असतो.

खांबांच्या मधल्या भिंती म्हणजे आपला कूड. ओकच्या उभ्या काठ्या, त्यांतून विणलेल्या हेझलच्या फांद्या, वर माती-शेण-गवताचा लेप, त्यावर चुना. आपल्याकडे कारवीचा कूड कोकणात ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं काही सांगायला नको.

अशा भिंतीत पाणी शिरणारच, आणि तिची रचनाच अशी की शिरलेलं पाणी चुन्यातून परत बाहेर पडतं. पाऊस थांबला, वारा सुटला, भिंत सुकली. सिमेंट हे होऊ देत नाही. लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही, त्यामुळे दोघांच्या मधे केसाएवढी फट पडते. पाणी तिथून आत जातं आणि सिमेंटमागे अडकतं. मग ते खाली उतरतं आणि पायथ्याच्या आडव्या तुळईवर, इथले सुतार जिला सोल प्लेट म्हणतात तिच्यावर, साचतं.

मागच्या वर्षी अशाच एका घरात मी त्या तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचला. वरून रंग चकचकीत, लाकूड शाबूत दिसत होतं. पातं मुठीपर्यंत आत गेलं आणि बाहेर आलं तेव्हा त्याला ओल्या खजुरासारखा काळपट लगदा चिकटला होता. आठ फूट तुळई होती, त्यातली सहा फूट हाताने काढता आली. चारशे वर्षं टिकलेलं लाकूड सिमेंट लागल्यावर चाळीस वर्षांत गेलं होतं. सिमेंट लावणाऱ्या माणसाने वाईट हेतूने काही केलं नव्हतं, त्याला भिंत मजबूत करायची होती. मला आजही त्या घराचं वाईट वाटतं.

टकटक म्हणजे डेथवॉच बीटल. नर-मादी डोकं लाकडावर आपटून एकमेकांना बोलावतात, एप्रिल ते जूनच्या सुमाराला. अळी ओकच्या आत दहा-दहा वर्षं राहू शकते. पण तिला ओलसर, बुरशीने मऊ पडलेलं लाकूड लागतं. औषध फवारून घ्या म्हणणारे भेटतील, आधी ओल काढा. लाकूड कोरडं झालं की कीड हळूहळू आपोआप सरते. आवाज कुठल्या भिंतीतून येतो ते बाईंना विचारा. पश्चिमेच्या असेल तर सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतंय.

म्हणून माझं सांगणं एवढंच: घर सोडू नका, पण सर्वेयर नेमताना विचारा की त्याने लाकडी सांगाड्याची आणि चुन्याची किती घरं तपासलीत. बँकेचा मूल्यांकन अहवाल याला चालत नाही. भिंतीला ओल मोजायचं यंत्र लावून केमिकल इंजेक्शन सुचवणारा आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये काढलेली प्राचीन इमारतींच्या रक्षणाची संस्था आजही आहे, त्यांचे तज्ज्ञ घरमालकांना सल्ला देतात, त्यांच्याशी जरूर बोला.

सोनजाई

@चुनेगच्ची, अंगावर काटा आला. बाईंना फोन केला. आवाज पश्चिमेच्याच खोलीत येतो.

@साधीसुधी, आई वर्षातून चार महिने असते, त्यामुळे तुमचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. दक्षिणेकडे तळमजल्यावर एक खोली आहे, तिला चुलीची पाठ लागते. ती आईला द्यायची असं ठरवतोय.

वाडेकरी_पुणे

मी पुण्यात वाड्यांच्या संवर्धनाचं काम करतो. वरचं सगळं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. आपण वाडा मोजतो खणांत. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि माजघर किती खणी हे सांगितलं की घराचा आकार कळतो. इंग्लंडमधली ही घरंही तशीच मोजतात, तिथे खणाला बे म्हणतात. लाकडाच्या उपलब्ध लांबीनेच घराचं माप ठरवलं, इथेही आणि तिथेही.

आम्ही चुना घाणीत मळतो, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतो. तो प्रयोग तिकडे करू नका. तिथल्या चुन्यात जनावरांचे केस घालतात, तिथल्या थंडीला आणि तिथल्या लाकडाला तेच योग्य. ज्या घराचं जे, तेच त्याला.

तुमचा वाईचा वाडा गेला याचं दुःख आहे. माझ्या डोळ्यांदेखत कसबा आणि शनिवार पेठेत किती गेले, मोजणं सोडून दिलं. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा अजून उभा आहे, सुट्टीत आलात की पुन्हा एकदा जाऊन या आणि तिथल्या खांब-तुळयांचे सांधे नीट बघा.

केंटकर

हा धागा वाचून आमच्या सेव्हनओक्सजवळच्या इग्थम मोटबद्दल लिहावंसं वाटलं. लिहितात इग्थम, म्हणतात 'आयटम'. चौदाव्या शतकातलं, चोहोबाजूंनी पाण्याचा खंदक असलेलं घर. १५२१ मध्ये सर रिचर्ड क्लेमेंटने ते ४०० पौंडांना घेतलं आणि आठव्या हेन्रीवरची निष्ठा दाखवायला घरभर ट्यूडर राजचिन्हं रंगवून घेतली.

१९५१ मध्ये ते विकायला निघालं. मालक वारले, नातवाला खर्च झेपेना. आधी आतलं सामान लिलावात गेलं, तीन दिवस लिलाव चालला. घराला गिऱ्हाईक मिळेना. छपरावरचं शिसं काढून विकायचं आणि घर पाडायचं, किंवा त्याचे फ्लॅट करायचे, अशा गोष्टी सुरू झाल्या. तेव्हा गावातल्या तीन व्यावसायिकांनी पदरचे पैसे घालून ते घेतलं, फक्त कुणीतरी योग्य माणूस मिळेपर्यंत तगावं म्हणून. १९५३ मध्ये तो मिळाला. अमेरिकेतल्या पोर्टलंड, मेनचा चार्ल्स हेन्री रॉबिन्सन. करांच्या नियमांमुळे तो वर्षाला फक्त चौदा आठवडे तिथे राहू शकायचा, तरी तातडीच्या सगळ्या दुरुस्त्या त्याने केल्या आणि घर नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकलं. १९८५ मध्ये तो वारला. त्याच्या अस्थी तिथल्याच एका भिंतीत आहेत.

पुढे १९८९ ते २००४ नॅशनल ट्रस्टने घराचे भाग सोडवून, नोंदी करून पुन्हा बांधले. एक कोटी पौंडांच्या वर खर्च झाला. तिथेही हाच डेथवॉच बीटल.

मला त्या तिघांचं फार वाटतं. ते त्या घरात एक दिवसही राहायला गेले नाहीत.

नदीकाठ_रिचमंड

मी अमेरिकेत व्हर्जिनियात असते. आमच्या रिचमंडमध्ये जेम्स नदीच्या काठी एक अस्सल ट्यूडर घर आहे, ॲजक्रॉफ्ट हॉल. मूळचं लँकेशायरचं, पंधराव्या शतकाच्या शेवटचं. आजूबाजूला कोळशाच्या खाणी आणि रेल्वे आल्या, घर पडायला लागलं, १९२५ मध्ये लिलावात निघालं. इथल्या एका धनिकाने ते घेतलं, सोडवलं, खोक्यांत भरून जहाजाने आणलं आणि पुन्हा उभं केलं. चुनेगच्ची यांनी लिहिलेल्या रोमन आकड्यांचं वाचून वाटलं, ही घरं मुळातच सुटी करता येण्यासारखी. तो धनिक तिथे जेमतेम वर्षभर राहिला आणि १९२९ मध्ये वारला. आता संग्रहालय आहे. मी दर वर्षी जाते. घर सुंदर आहे, पण खिडकीतून बाहेर पाहिलं की व्हर्जिनियाची झाडं दिसतात. तुमच्या घराच्या खिडकीतून अजून त्याचीच बाग दिसते, सोनजाई.

साधीसुधी

एक विचारायचं राहिलं. अशा घरांत पाद्र्यांना लपवायच्या खोल्या असतात ना? तुमच्या घरात आहे का?

सोनजाई

बाई म्हणाल्या, त्यांना तरी सापडली नाही. पण त्या निमित्ताने रविवारी किडरमिन्स्टरजवळचं हार्विंग्टन हॉल पाहून आलो. एलिझाबेथ राणीच्या काळात कॅथलिक पाद्र्याला थारा देणं म्हणजे मरण ओढवून घेणं, तेव्हाच्या लपायच्या सात जागा तिथे आहेत. एका खोलीत भिंतीतला उभा वासा दारासारखा फिरतो, मागे माणूस मावेल एवढी पोकळी. यातल्या काही जागा निकोलस ओवेन नावाच्या सुताराने केल्या असं मानतात. १६०६ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये छळ सोसून तो मेला, पण एकही जागा त्याने सांगितली नाही. माझा नवरा त्या वाशापुढे बराच वेळ उभा होता. परतताना गाडीत म्हणाला, सर्वेयरला बोलावून घे.

सोनजाई

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, माफ करा.

लाकडी घरांचाच अनुभव असलेला सर्वेयर लडलोहून आला, पूर्ण दिवस होता. ९४ पानी अहवाल. मुख्य सांगाडा उत्तम. छप्पर दोन ठिकाणी गळतंय. पश्चिमेची पायथ्याची तुळई अकरा फूट गेलीय आणि दोन खांबांची टोकंही. चुनेगच्ची, तुम्ही लिहिलं होतं तस्संच. सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात जातंय, ते २०२० पासून चालत नाही, नवीन यंत्रणा घालावी लागेल. न्हाणीघरासाठी एक आडभिंत काढलीय, तिचा परवाना सापडत नाही. वकीलताई, तुमच्यामुळे आम्ही ते मुद्दाम विचारलं.

सगळ्याचे अंदाज घेऊन आम्ही ११ लाख ४० हजार सांगितले. एजंट नाराज होता. बाईंनी अहवाल मागवून घेतला, वाचला, आणि दोन दिवसांनी हो म्हणाल्या. म्हणाल्या की त्यांच्या यजमानांनीच तो गिलावा करवून घेतला होता, आणि तो काढणारं कुणीतरी यावं असं त्यांना बरीच वर्षं वाटत होतं. अर्थात करारांची देवाणघेवाण होईपर्यंत काहीच पक्कं नाही, याची जाणीव आहे.

नवरा, दीर, जाऊ, आई, सगळ्यांचा होकार आहे. वाटे लिहून घेतलेत.

वकीलताई

आडभिंतीचा परवाना नसेल तर करार व्हायच्या आधी कौन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याकडे कोण आणि कसं जाणार, ते तुमच्या सॉलिसिटरशी बोलून ठरवा. परवाना नसल्याच्या जोखमीचा विमा घ्यायचा विचार असेल तर आधी विमा, कारण अधिकाऱ्याशी बोलणं झाल्यावर तो विमा मिळत नाही. घाईत फोन करू नका.

चुनेगच्ची

मनापासून आनंद झाला. सिमेंट काढायची घाई करू नका. परवानगी मिळाली तरी ओला चुना थंडीत लावायचा नाही, दव गोठलं की तो सुटून येतो. या वर्षी फक्त छपराची गळती आणि पन्हळी. पुढच्या एप्रिलमध्ये गिलावा उतरवा, भिंत उन्हाळाभर उघडी सुकू द्या, तुळईला नवा ओक जोडा, आणि सप्टेंबरच्या आत चुना. दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट लागतो, तो हिशेबात धरा. नोंदलेल्या वास्तूंना बदलांवर जी सूट होती ती २०१२ मध्ये गेली. आणि लाकडाला काळा रंग पुन्हा देऊ नका. ते काळं-पांढरं बरंचसं व्हिक्टोरियन काळातलं वेड आहे, ओक तसाच सोडला की चंदेरी होतो.

सोनजाई

लिहून ठेवलं. विमा आधी, फोन नंतर. एप्रिलमध्ये गिलावा.

सोमवारी संध्याकाळी वटवाघळांची पाहणी करणारी तज्ज्ञ येतेय, कोठाराच्या आढ्याला त्यांची वस्ती आहे आणि तिला कायद्याने संरक्षण आहे. बाईंनी आम्हाला जेवायलाच बोलावलंय. त्यांच्याकडे एक वही आहे, घरात शिरल्यापासूनची प्रत्येक दुरुस्ती, कवेलूपासून कुलपापर्यंत, तारखेसकट लिहिलेली. ती त्या आमच्याकडे सोपवणार आहेत.